बॅटरी भरलेली, तरी इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून बंद पडतो: आधी मधली वायर तपासा

घरच्या सोलर सिस्टिमची ही तक्रार नेहमी एकाच सुरात येते. दिवसभर कडक ऊन होतं, चार्ज कंट्रोलरवर (पॅनेलची वीज बॅटरीत मापून सोडणाऱ्या पेटीवर) हिरवा दिवा आहे, बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवतेय. दिवे लागतात, पंखा फिरतो, मोबाईल चार्ज होतो. पण मिक्सर लावला किंवा फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला की इन्व्हर्टर ओरडायला लागतो, ‘लो बॅटरी’चा लाल दिवा लागतो आणि सगळं बंद. थोड्या वेळाने आपोआप चालू, पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं की बॅटरी गेली. पंधरा हजारांच्या घरातली नवी बॅटरी येते, काही दिवस बरं चालतं आणि परत ये रे माझ्या मागल्या.

नवी बॅटरी आल्यावर काही दिवस बरं चालतं, त्याला कारण आहे. नव्या बॅटरीचा व्होल्टेज लोडखाली कमी घसरतो, शिवाय ती बसवताना टर्मिनल घासूनपुसून नीट आवळली जातात. मूळ दुखणं गेलेलं नसतं, तात्पुरतं दबलेलं असतं.

मी काम करतो तो भाग रत्नागिरी-राजापूरकडचा. आंबा-काजूच्या बागांतली राखणदारांची घरं, डोंगरउतारावरची एकेकटी घरं, जिथे लाईन पोचलेली नाही किंवा खांब इतके लांब आहेत की कनेक्शनचा खर्च परवडत नाही. तिथे जी सिस्टिम सर्रास दिसते ती अशी: १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची एक ट्यूब्युलर बॅटरी, छतावर १६५ वॅटची दोन पॅनेल पॅरललमध्ये, २० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर आणि ९०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) इन्व्हर्टर. खालचे सगळे आकडे याच मापाच्या सिस्टिमचे आहेत. तुमची २४ व्होल्टची असेल तर तेवढ्याच लोडला करंट निम्मा होईल, तपासण्याची रीत तीच.

पहिली गोष्ट म्हणजे लोड नसताना मोजलेला व्होल्टेज या दुखण्यात काहीही सांगत नाही. वायरीतून करंटच जात नसेल तर वायर कितीही बारीक असो, जोड कितीही कुजका असो, दोन्ही टोकांना मीटर १२.७ च दाखवणार. दोष फक्त लोडखाली दिसतो. म्हणून मीटर हातात घेण्याआधी लोड लावायची सोय करा.

मिक्सर या कामाला उपयोगाचा नाही, तो आकडे स्थिर राहू देत नाही. लाकडी फळीवर पाच होल्डर ठोकून त्यात १०० वॅटचे जुने पिवळे बल्ब लावलेला बोर्ड जवळ ठेवा, प्रत्येकाला वेगळं बटण. एकेक बल्ब वाढवत न्यायचा. एलईडी बल्ब चालणार नाहीत, त्यांचा लोड फारच कमी असतो.

आता चार बल्ब लावा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन ठिकाणी मोजा. आधी बॅटरीवर, पण लगवर (वायरीच्या टोकाला चेपलेल्या धातूच्या कडीवर) नाही, शिशाच्या खुंटावर टोक टेकवून. मग इन्व्हर्टरच्या मागे जिथे प्लस-मायनस वायरी बोल्टला येतात, तिथे बोल्टवर. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे मधल्या वायरीने आणि जोडांनी खाल्लेला व्होल्टेज. तो पाव व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त निघाला तर चोर सापडला, बॅटरीला आणि इन्व्हर्टरला तोपर्यंत हात लावू नका.

हे इतकं का होतं, ते थोड्या हिशेबाने लगेच कळतं. ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टला जेमतेम २ अँपिअर घेतो. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तोच मिक्सर बॅटरीतून सुमारे ५० अँपिअर ओढतो, आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या दुप्पट-तिप्पटही. घरातल्या गीझरला आपण ४ स्क्वेअर एमएमची वायर घालतो, त्यामुळे ६ स्क्वेअर हाताला चांगली जाड वाटते. पण ६ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स (विरोध) दर मीटर लांबीला ३.३ मिलिओहम असतो. बॅटरी इन्व्हर्टरपासून ४ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर वायर झाली, म्हणजे २६ मिलिओहम. त्यातून ५० अँपिअर गेले की १.३ व्होल्ट वायरीतच संपले. २३० व्होल्टच्या बाजूला १.३ व्होल्ट कमी झाले तर कोणाला पत्ताही लागत नाही. १२ व्होल्टमध्ये तो अकरा टक्के घाटा आहे. बॅटरी लोडखाली १२.१ वर असेल तर इन्व्हर्टरला मिळतात १०.८, आणि मोटर सुरू होतानाच्या झटक्यात ते १० च्याही खाली जातात. बहुतेक इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास कट होतात. इन्व्हर्टरला बॅटरी दिसत नाही, त्याला फक्त स्वतःच्या बोल्टवरचा व्होल्टेज दिसतो. तो ‘लो बॅटरी’ म्हणतो ते त्याच्या जागेवरून बरोबरच असतं.

त्यात आणखी एक फेरा आहे. व्होल्टेज कमी झाला की तेवढेच वॅट द्यायला इन्व्हर्टर जास्त करंट ओढतो, करंट वाढला की वायरीत आणखी व्होल्टेज पडतो. म्हणून हा दोष हळूहळू नाही तर एकदम अंगावर येतो. चार बल्बांवर चाललं, पाचव्याला बंद.

फरक मोठा निघाला की कुठल्या बाजूला आहे ते शोधायचं. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर घ्या. लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळं टोक इन्व्हर्टरच्या प्लस बोल्टवर. हा झाला प्लसच्या वायरीचा घाटा. तसाच मायनसचा वेगळा मोजा. लोक प्लसकडे बघत बसतात, मायनसची वायर कोणी तपासतच नाही, आणि तिच्यातूनही तेवढाच करंट जातो.

एका बागेतल्या घरातले आकडे देतो. बॅटरी पडवीत, इन्व्हर्टर आतल्या खोलीत मीटर-बोर्डाशेजारी, मध्ये चौकटीवरून फिरवलेली ६ स्क्वेअरची वायर. चार बल्बांवर बॅटरीच्या खुंटांवर १२.२ आणि इन्व्हर्टरवर १०.६. इन्व्हर्टर ओरडत होता, पण कसाबसा तग धरून होता. प्लसच्या बाजूला ०.६२ व्होल्ट, मायनसच्या बाजूला ०.९८. दोन्ही वायरी एकाच लांबीच्या, मग मायनसमध्ये ०.३६ जास्त कुठून? चौकटीच्या वर वायर कमी पडली म्हणून कोणीतरी पीळ मारून जोड दिला होता आणि वर काळी टेप. टेपला हात लावला तर चटका. सोडवली तर आतलं तांबं तपकिरी-काळं पडलेलं, इन्सुलेशन बोटभर लांब कडक होऊन तडकलेलं. ४४ अँपिअरला ०.३६ व्होल्ट म्हणजे त्या एका पिळात १६ वॅट उष्णता, छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास, आणि तीही सागवानी चौकटीला लागून. नुसत्या बंद पडणाऱ्या मिक्सरचा हा प्रश्न नाही, अशा जोडाने घराला आग लागू शकते. इन्व्हर्टर ओरडत होता हे त्या घराचं नशीब.

जोड शोधायची रीत तीच, फक्त मीटरची टोकं जवळ आणायची. खुंटावर एक टोक, लगवर दुसरं: हा एक जोड. लगवर एक, वायरीच्या तांब्यावर दुसरं: हा क्रिम्पिंगचा, म्हणजे लग वायरीवर चेपून बसवलेला जोड. फ्यूजची दोन टोकं, एमसीबीची (जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचची) दोन टोकं, इन्व्हर्टरचा बोल्ट आणि लग. ४०-५० अँपिअरला चांगल्या जोडावर १० मिलिव्होल्टच्या आसपास दिसतं. २० च्या वर गेला तर संशय घ्या, ५० दिसले तर उघडाच. दहा मिनिटं लोड चालवून मग लोड बंद करा आणि जोडांना हात लावून बघा, गरम जोड मीटरशिवायही सापडतो.

दुरुस्ती करताना पहिला विचार वायर जाड करण्याचा येतो. माझं म्हणणं, आधी वायर आखूड करा. वर सांगितलेल्या घरात इन्व्हर्टर काढून पडवीच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, बॅटरीच्या पाठीलाच आणला. मध्ये चिऱ्याची भिंत, तिच्यातून दोन भोकं. वायर एका बाजूने सव्वा मीटर राहिली आणि २५ स्क्वेअरची घातली. तिचा रेझिस्टन्स मीटरला ०.७८ मिलिओहम. त्याच चार बल्बांवर घाटा १.६ वरून ०.११ वर आला. लांब न्यायचीच तर २३० व्होल्टची बाजू न्या, तिथे दीड स्क्वेअर पुरते. भिंत मध्ये असल्याचा आणखी एक फायदा म्हणजे ॲसिडची वाफ इन्व्हर्टरला लागत नाही. बॅटरीच्या बरोबर वर इन्व्हर्टर टांगलेला दिसतो बऱ्याच ठिकाणी, तसं करू नका. त्याची सर्किट बोर्डं सडतात.

२५ स्क्वेअरची लवचीक वायर गावात मिळत नाही तेव्हा वेल्डिंग केबल वापरतात. हरकत नाही, पण तांब्याचीच घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल त्याच रंगरूपात मिळते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहतं आणि खाऱ्या हवेत त्याचे जोड लवकर जातात. समुद्राजवळ असाल आणि कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं मिळत असेल तर थोडे जास्त पैसे घालवा.

लग हातोडीने चेपू नका. बाहेरून घट्ट दिसतो, आत निम्म्या तारा मोकळ्या असतात आणि महिन्याभरात तिथे हिरवट क्षार शिरतो. हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीन तालुक्याच्या गावी मोटर वाइंडिंगवाल्याकडे किंवा इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टरकडे असतं. लांबी मोजून न्या, चारही टोकं एकदाच करून आणा.

आता वॉशर. ही इतकी बारीक गोष्ट आहे की कोणी बघत नाही, आणि मला ती वारंवार सापडते. लग थेट शिशावर बसला पाहिजे. त्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग नट. अनेक जण खाली एक स्टीलचा वॉशर टाकतात, ‘लग नीट बसावा’ म्हणून. स्टेनलेस स्टील तांब्याच्या चाळीसेक पट विरोध करतं, म्हणजे सगळा करंट त्या चकतीतून न्यायचा प्रयत्न. एकाच खुंटावर इन्व्हर्टर आणि कंट्रोलर दोन्हींचे लग असतील तर जाड वायरीचा लग खाली, बारीकचा वर. खुंट पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा, आणि आवळून झाल्यावर मग वरून व्हॅसलीन लावा. टर्मिनलवर पांढरा-निळसर ‘कार्बन’ धरला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने धुवा, पण बॅटरीची बुचं घट्ट लावून. सोडा आत सेलमध्ये गेला तर ॲसिड मारतो.

चार्ज कंट्रोलरची दोन दुखणी

कंट्रोलरवर बल्बचं चित्र असलेली लोडची दोन टोकं असतात. इन्व्हर्टर तिथे जोडलेला आढळतो, आणि जोडणाऱ्याला वाटतं की हेच नियमाप्रमाणे आहे. ती टोकं १०-२० अँपिअरची, डीसी दिव्यांसाठी. इन्व्हर्टर थेट बॅटरीवरच हवा. याची खूण ओळखणं सोपं आहे: इन्व्हर्टर आधी न ओरडता, लाल दिवा न लागता एकदम मेल्यासारखा बंद होतो, कारण कंट्रोलरने स्वतःच पुरवठा तोडलेला असतो.

दुसरं दुखणं जास्त फसवं. कंट्रोलर ते बॅटरी वायर बारीक असेल तर बॅटरी पूर्ण चार्जच होत नाही. दोन पॅनेलचे १८ अँपिअर २.५ स्क्वेअरच्या वायरीतून ३ मीटर नेले तर जाऊन-येऊन जवळजवळ ०.८५ व्होल्ट पडतो. कंट्रोलरला वाटतं १४.४ झाले, आणि तो करंट कमी करायला लागतो. बॅटरीवर तेव्हा १३.५ असतात. करंट घटला की घाटाही घटतो, त्यामुळे मे महिन्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन मिळतं तेव्हा उशिराने का होईना बॅटरी भरते. श्रावणात दोन-तीन तासच ऊन पडतं आणि ती रोज अर्धवट राहते. अर्धवट चार्जवर महिनोन् महिने राहिलेल्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग बॅटरी खरोखरच जाते. कंट्रोलर बॅटरीपासून मीटरभराच्या आत ठेवा, वायर निदान १० स्क्वेअर, आणि ती इन्व्हर्टरच्या वायरीला मध्येच न जोडता स्वतंत्रपणे थेट बॅटरीच्या खुंटापर्यंत न्या. नाहीतर इन्व्हर्टरचा लोड आला की कंट्रोलरला बॅटरीचा व्होल्टेज चुकीचा दिसतो.

फ्यूज

तो बॅटरीच्या प्लस खुंटापासून हातभराच्या आत हवा. इन्व्हर्टरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीचं रक्षण करत नाही. शॉर्ट झाल्यावर १५० एएचची बॅटरी हजार अँपिअरच्या वर करंट सोडते, वायर लाल व्हायला क्षण पुरतो. या सिस्टिमला २५ स्क्वेअर वायरीबरोबर १०० अँपिअरचा, बोल्टने आवळायचा पट्टीचा फ्यूज बरोबर आहे. त्याच्यावर डीसी व्होल्टेज छापलेला असला पाहिजे. घरगुती एसी एमसीबी बॅटरीच्या बाजूला लावलेला असेल तर त्याच्या दोन टोकांतले मिलिव्होल्ट मोजा, जुन्या एमसीबीत मी ०.२ व्होल्टपर्यंत घाटा पाहिला आहे. पॅनेलच्या बाजूला मात्र एसी एमसीबी अजिबात नको, विशेषतः पॅनेल सिरीजमध्ये असतील तर. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीचा येत नाही, ठिणगी पेटतीच राहते आणि एमसीबी आतून वितळतो. डीसी एमसीबीवर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्या पाळा.

दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये असतील तर इन्व्हर्टरचा प्लस एका बॅटरीवरून आणि मायनस दुसऱ्या बॅटरीवरून घ्या. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतले तर जवळची बॅटरी जास्त राबते आणि आधी मरते.

वायर ठीक निघाली तर

बॅटरीच्या खुंटांवरच ५० अँपिअरला ११ च्या खाली आकडा गेला, तर वायरीचा दोष नाही. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेलचं ॲसिड तपासा. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत साधारण १.२४० असतं. पाच सेल १.२३०-१.२४० आणि एक १.१८० असेल तर तो सेल गेलाय. सहाही सेल सारखेच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, मेलेली नाही. पॅनेलवरची धूळ, आंब्याच्या वाढलेल्या फांदीची सावली आणि वरची कंट्रोलरची वायर आधी बघा. इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवत असाल तर तो रिकामाही १०-१५ वॅट खातो, म्हणजे दिवसाला पाव युनिट ते साडेतीनशे वॅट-तास. पावसाळ्यात तेवढ्यानेही फरक पडतो.

लिथियम बसवलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. लिथियमचा व्होल्टेज लोडखाली फारसा घसरत नाही, म्हणून खराब वायर असूनही इन्व्हर्टर कट होत नाही आणि दोष लपून राहतो. जोड मात्र तितकाच तापत असतो. तिथे मिलिव्होल्टची तपासणी जास्त गरजेची आहे.

काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, दारं-खिडक्या उघडा. आधी एसी लोड बंद, मग इन्व्हर्टर, मग पॅनेल तोडा, मग बॅटरीचा मायनस, शेवटी प्लस. पॅनेल जोडलेलं ठेवून बॅटरी काढली तर पॅनेलचे २१-२२ व्होल्ट थेट कंट्रोलरवर येतात, आणि पुष्कळ कंट्रोलर असेच जळतात. जोडताना उलटा क्रम: आधी कंट्रोलर बॅटरीला, मग इन्व्हर्टर, सगळ्यात शेवटी पॅनेल. इन्व्हर्टरची शेवटची वायर टेकवताना मोठी ठिणगी उडते, कारण आतले कपॅसिटर रिकामे असतात. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब मध्ये धरून आधी स्पर्श करा. बल्ब चमकून मंद झाला की कपॅसिटर भरले, मग लग बसवा. तो विझलाच नाही, ठळक पेटत राहिला, तर प्लस-मायनस उलटे झालेत किंवा आत शॉर्ट आहे. तिथेच थांबा.

काम झाल्यावर बल्बांचा बोर्ड पुन्हा लावून चारही आकडे घ्या: बॅटरीवर, इन्व्हर्टरवर, प्लसचा घाटा, मायनसचा घाटा. ते तारखेसह कागदावर लिहून इन्व्हर्टरशेजारी चिकटवा. शिसं मऊ असतं, आवळलेल्या नटाखाली ते हळूहळू दबतं, म्हणून पंधरा दिवसांनी सगळे नट एकदा परत आवळा. त्यानंतर पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर त्याच लोडवर तेच आकडे घ्यायचे. घाटा ०.११ चा ०.२० झालेला दिसला तर मिक्सर बंद पडायची वाट न बघता कुठला जोड सैल झाला ते शोधायला घ्या.